घराचा भाव आणि मनातला आकडा

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात घर घेणारा माणूस घाईत असे. वँग, डिजिटल इक्विपमेंट, डेटा जनरल या संगणक कंपन्यांमुळे मॅसॅच्युसेट्स राज्यात नोकऱ्यांची रेलचेल होती. राज्याचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस याच भरभराटीचा दाखला देत १९८८ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरले होते. १९८२ ते १९८९ या काळात बॉस्टनमधल्या कॉन्डोंचे, म्हणजे इमारतीतल्या मालकीच्या फ्लॅटांचे भाव १७० टक्क्यांनी चढले. एक लाख डॉलरचा फ्लॅट दोन लाख सत्तर हजारांना जाऊ लागला. आज घेतला नाही तर उद्या परवडणार नाही, या भीतीने लोक कर्ज काढून सह्या करत होते.

मग वारं फिरलं. जानेवारी १९९१मध्ये बँक ऑफ न्यू इंग्लंड बुडाली. ऑगस्ट १९९२मध्ये वँग कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. शिखरानंतरच्या चार वर्षांत फ्लॅटांचे भाव ४० टक्क्यांनी खाली आले.

भाव पडले की स्वस्तात खरेदी-विक्री सुरू होईल, असं कुणालाही वाटेल. बॉस्टनमध्ये नेमकं उलट झालं. बाजार थिजला. १९९२ साली विक्रीला लावलेल्या फ्लॅटांपैकी ३० टक्केसुद्धा सहा महिन्यांच्या आत विकले जात नव्हते. घेणारे नव्हते असं नाही, पण विकणाऱ्यांनी सांगितलेली किंमत त्या फ्लॅटला त्या वेळी मिळू शकणाऱ्या किमतीपेक्षा सरासरी ३५ टक्क्यांनी जास्त होती. १९९७पर्यंत बाजार सावरला, तेव्हा हीच तफावत सुमारे १२ टक्क्यांवर आली आणि ६० टक्क्यांहून जास्त फ्लॅट सहा महिन्यांत जाऊ लागले.

हा सगळा तपशील हाती लागला तो डेव्हिड जेनेसोव आणि ख्रिस्तोफर मेयर या दोन अर्थशास्त्रज्ञांमुळे. बॅक बे, बीकन हिल आणि साउथ एंड या शहराच्या मध्यवर्ती भागांत १९९० ते १९९७ या काळात विक्रीला आलेल्या जवळपास सहा हजार फ्लॅटांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. मालकाने फ्लॅट कधी आणि कितीला घेतला होता, विकताना किती मागितले, अखेरीस किती मिळाले आणि मध्ये किती आठवडे गेले, हे सगळं त्यांनी एकमेकांशी जुळवून पाहिलं. त्यांचा निबंध २००१ साली प्रसिद्ध झाला.

त्यांचा प्रश्न साधा होता. एकाच इमारतीत अगदी सारखे दोन फ्लॅट आहेत. एका मालकाने आपला फ्लॅट १९८३ साली स्वस्तात घेतला, दुसऱ्याने १९८९ साली ऐन तेजीत. १९९२ साली दोघेही विकायला निघाले. घेणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही फ्लॅट एकच. मग दोघांनी सारखीच किंमत सांगायला हवी.

तसं झालं नाही. तेजीत घेतलेल्या मालकांनी जास्त किंमत सांगितली, आणि किती जास्त तेही मोजता आलं: खरेदीची किंमत आणि आता मिळू शकणारी किंमत यांतल्या फरकाच्या २५ ते ३५ टक्के. समजा, एखाद्याने फ्लॅट दोन लाख डॉलरना घेतला होता आणि आता त्याचे एक लाख वीस हजार येण्यासारखे होते. फरक ऐंशी हजारांचा. या माणसाने आपल्या शेजाऱ्यापेक्षा वीस ते अठ्ठावीस हजार डॉलर जास्त मागितले. फ्लॅट तोच, खिडक्या त्याच, रस्ताही तोच. वेगळी होती ती फक्त जुन्या खरेदीखतावरची रक्कम, आणि ती रक्कम घेणाऱ्याच्या हिशेबात कुठेच नव्हती.

या मालकांच्या पदरात काय पडलं? ज्यांचे फ्लॅट विकले गेले, त्यांना खरोखरच थोडे जास्त मिळाले. त्या फरकाच्या ३ ते १८ टक्के, म्हणजे वरच्या उदाहरणात साधारण अडीच हजार ते साडेचौदा हजार डॉलर. पण त्यासाठी त्यांना खूप जास्त काळ थांबावं लागलं. त्या काळात कर्जाचे हप्ते, मालमत्ता कर, विमा आणि इमारतीची देखभाल वर्गणी चालूच होती. बऱ्याच जणांचा फ्लॅट तर विकलाच गेला नाही. कंटाळून त्यांनी तो बाजारातून काढून घेतला.

या वागण्यामागचं कारण डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ सालीच मांडलं होतं. माणसाला शंभर रुपये मिळाल्याचा जेवढा आनंद होतो, त्याच्या जवळपास दुप्पट त्रास शंभर रुपये गेल्याचा होतो. आणि काही गेलं की काही आलं, हे ठरवायला तो मनाशी एक खूण धरून बसतो. घराच्या बाबतीत ही खूण म्हणजे बहुधा खरेदीची किंमत. तिच्या वर विकलं तर जमलं, खाली विकलं तर हरलो. बॉस्टनच्या नोंदींत ही ओढ स्वतः राहणाऱ्या मालकांमध्ये गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेतलेल्यांच्या दुप्पट दिसली. ज्या घरात मुलं मोठी झाली, त्याच्या व्यवहाराकडे कोरडेपणाने पाहणं अवघड असतं. यात मूर्खपणा शोधणं अन्यायाचं होईल.

शिवाय काहींना किंमत खाली आणणं शक्यच नसतं. अमेरिकेत घर विकताना आधी बँकेचं उरलेलं कर्ज फेडावं लागतं. घराची किंमत कर्जाएवढीच उरली असेल, तर विकून हाती काहीच येत नाही आणि पुढच्या घरासाठी सुरुवातीची रक्कम भरायला पैसे राहत नाहीत. याच दोघा अभ्यासकांनी १९९७च्या निबंधात दाखवलं होतं, की घराच्या पूर्ण किमतीएवढं कर्ज डोक्यावर असलेल्या मालकाला ८० टक्के कर्ज असलेल्या मालकाच्या तुलनेत घर विकायला सुमारे १५ टक्के जास्त वेळ लागतो आणि विकलंच तर सुमारे ४ टक्के जास्त किंमत मिळते. हा माणूस घर विकून देणाऱ्या एजंटचं ऐकत नाही असं वरवर दिसतं. प्रत्यक्षात एजंटने सांगितलेल्या किमतीत व्यवहार करायला त्याच्याकडे पैसेच नसतात.

एजंट काय सांगत असतो, तेही पाहायला हवं. अमेरिकेत घर विकायला घेण्याआधी एजंट मालकाच्या घरी कागदांचा एक गठ्ठा घेऊन येतो. त्यात गेल्या काही महिन्यांत आसपास विकली गेलेली सारखी घरं असतात, सध्या विक्रीला असलेली असतात, आणि मुदत संपली तरी न विकली गेलेलीही असतात. मालकाचं लक्ष सहसा दुसऱ्या गटाकडे जातं, कारण तिथले आकडे मोठे असतात. पण ते अजून नुसते मागितलेले आकडे आहेत. खरी माहिती पहिल्या गटात असते, आणि सर्वात जास्त शिकवतो तो तिसरा गट: या किमतीला कुणी आलं नाही, याचा तो लेखी पुरावा असतो.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांवर एजंट इतका भर का देतात, हे मालकांना अनेकदा पटत नाही. घर कुठे नासणार आहे, आधी जास्त सांगू, मग बघू, असं त्यांना वाटतं. यातली खोच घेणाऱ्यांच्या रांगेत आहे. कोणत्याही परिसरात कित्येक महिने घर शोधणारे काही लोक असतात. बाजारात होती ती सगळी घरं त्यांची पाहून झालेली असतात. नवं घर आलं की हे सगळे एकाच वेळी त्याच्याकडे वळतात. जमलेली ही गर्दी घराला एकदाच मिळते. त्यांनी किंमत पाहून पाठ फिरवली, की पुढे रोज येणार ते फक्त बाजारात नव्याने उतरलेले मोजके लोक. दोन महिन्यांनी किंमत योग्य जागी आणली, तरी पहिली मंडळी बहुधा दुसरीकडे सौदा करून मोकळी झालेली असतात.

हल्ली यात संकेतस्थळांवरच्या गाळणीची भर पडली आहे. पाच लाख डॉलरची मर्यादा टाकून शोधणाऱ्याला पाच लाख वीस हजारांचं घर दिसतच नाही. ज्यांना दिसतं, ते त्याची तुलना साडेपाच लाखांच्या मोठ्या घरांशी करतात. ज्याला हे घर आवडलं असतं, त्याच्यापर्यंत ते पोचतच नाही. आणि ज्याच्यापर्यंत पोचतं, त्याला ते तोकडं वाटतं. शेजारच्या योग्य किमतीच्या घराचा एजंट मात्र आपल्या गिऱ्हाइकाला आधी हे महाग घर दाखवतो. त्यामुळे त्याच्याकडचं घर सहज विकलं जातं.

समजा, जास्त किमतीला कुणी तयार झालाच. तरी व्यवहार पुरा होईलच असं नाही. कर्ज देणारी बँक आपला मूल्यांकनकार पाठवते. त्याने ठरवलेली किंमत सौद्यापेक्षा कमी निघाली, तर बँक त्या कमी किमतीवरच कर्ज देते. उरलेली रक्कम घेणाऱ्याने रोख आणायची, नाही तर पुन्हा वाटाघाटीला बसायचं.

पडत्या बाजारात तर उशिराची किंमत आणखी वाढते. बॉस्टनमधल्या १९९०च्या मालकाची कल्पना करा. भाव वर्षाला दहा-बारा टक्के उतरत आहेत. याने १५ टक्के जास्त सांगून सुरुवात केली. चार महिने कुणी फिरकलं नाही म्हणून ५ टक्के कमी केले. तोवर बाजार स्वतःच तेवढा खाली गेला होता. पुन्हा ५ टक्के, पुन्हा तेच. प्रत्येक वेळी आपण मोठा त्याग केला असं त्याला वाटतं, आणि प्रत्येक वेळी तो बाजाराच्या तेवढाच वर असतो. पहिल्या दिवशी एजंटने सुचवलेल्या किमतीच्याही खाली विकण्याची वेळ अशा माणसावर येते. त्याला वाईट वाटतं ते दोन्हीकडून: घर गेलं कमी किमतीत, आणि मधली दोन वर्षंही गेली.

वर्षं कशी जातात, याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन यांच्या घराचं आहे. शिकागोच्या उत्तरेला हायलंड पार्क इथे सात एकरांहून मोठ्या जागेवर ५६ हजार चौरस फुटांचा त्यांचा वाडा होता. नऊ शयनगृहं, घरातच पूर्ण आकाराचं बास्केटबॉलचं मैदान, फाटकावर त्यांच्या जर्सीचा २३ हा आकडा. फेब्रुवारी २०१२मध्ये हा वाडा २ कोटी ९० लाख डॉलरना विक्रीला लागला. पुढच्या वर्षी किंमत २ कोटी १० लाखांवर आली. २०१३च्या नोव्हेंबरमध्ये लिलाव ठेवला. किमान बोली १ कोटी ३० लाखांची होती, तिथवर कुणी पोचलं नाही. २०१५मध्ये किंमत १ कोटी ४८ लाख ५५ हजार झाली. १४८५५००० या आकड्यातल्या अंकांची बेरीज केली तर २३ येते. घर अखेर विकलं गेलं डिसेंबर २०२४मध्ये, ९५ लाख डॉलरना. पहिल्या मागणीच्या एक तृतीयांशाहूनही कमी, आणि जवळपास तेरा वर्षांनी. या सगळ्या काळात मालमत्ता कर दरवर्षी लाखभर डॉलरच्या पलीकडे होता.

जॉर्डन यांना तो खर्च झेपला. या घरात जी गोष्ट ठळकपणे दिसते, ती साध्या घरांतही असते: मालकाने स्वतःसाठी ओतलेला पैसा घेणाऱ्यासाठी मोलाचा असतोच असं नाही. दुसऱ्याच्या क्रमांकाचं फाटक कुणाला हवं? आपल्याकडे दहा लाखांचं फर्निचर करून घेणाऱ्यांचीही तीच अडचण होते. घेणारा ते बघतो, मान डोलावतो आणि आपल्याला काय काय काढून टाकावं लागेल याचा मनात अंदाज बांधतो.

मालकीची ही भूल किती लवकर लागते, हे कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी कॉर्नेल विद्यापीठात तपासलं. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना दुकानात सहा डॉलरना मिळणारे कॉफीचे मग दिले आणि उरलेल्यांशी त्यांचा सौदा करायला सांगितलं. मग हातात येऊन काही मिनिटंच झाली होती. तरी मगवाल्यांना मधल्या अंदाजाने सव्वापाच डॉलर हवे होते, आणि घेणारे सव्वादोन ते पावणेतीन डॉलरच्या पुढे जायला तयार नव्हते. काही मिनिटांच्या मालकीने एवढं होत असेल, तर वीस वर्षं राहिलेल्या घराबद्दल काय बोलावं.

इथवर वाचून एजंट बरोबर आणि मालक हट्टी, असं कुणाला वाटेल. मालकांच्या मनातला एजंटबद्दलचा संशय मात्र निराधार नाही, आणि त्यांची बाजूही तितक्याच आस्थेने मांडायला हवी.

स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागोच्या परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्रींच्या नोंदी पाहिल्या. त्यांतली जवळपास ३,३०० घरं खुद्द एजंटांच्या मालकीची होती. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं, की एजंट स्वतःचं घर विकतो तेव्हा ते साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतो आणि सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतो. गिऱ्हाइकाला मात्र तो आधीच्या बोलीवर हो म्हणायला सांगतो. याचं कारण दलालीच्या हिशेबात आहे. अमेरिकेत पाच-सहा टक्के दलाली दोन बाजूंच्या एजंटांत आणि त्यांच्या कंपन्यांत वाटली जाई. विकणाऱ्या एजंटच्या स्वतःच्या खिशात दीड टक्क्याच्या आसपास उरे. आणखी दहा दिवस थांबून मालकाला दहा हजार डॉलर जास्त मिळाले, तर एजंटला त्यातले दीडशे. तेवढ्यासाठी तो दहा दिवस जाहिराती आणि चकरा कशाला वाढवेल?

याच्या उलटं टोकही आहे, आणि मालकाचं खरं नुकसान बहुधा तिथेच होतं. मालक तीन एजंट बोलावतो. दोघं खरा आकडा सांगतात. तिसरा त्याच्या मनातला आकडा ओळखतो आणि त्याहून थोडा मोठाच सांगतो. काम तिसऱ्याला मिळतं, काही महिन्यांचा करार होतो. महिनाभराने तोच एजंट फोन करतो: प्रतिसाद थंड आहे, किंमत थोडी खाली आणू या. आपण एजंटचंच ऐकलं, असं या मालकाला वाटतं. खरं तर त्याने तीन सल्ल्यांतला सर्वात गोड सल्ला निवडलेला असतो. सल्ला विकत घेणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे वाकू लागला, की तो सल्ला राहत नाही. हे अनेक एजंटांनाही ठाऊक असतं आणि त्यांतल्या प्रामाणिक लोकांची काम गमावून झालेली चडफड रास्त आहे.

एजंट स्वतः तरी सांगितलेल्या आकड्यापासून अलिप्त राहू शकतो का? ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरातल्या एजंटांना एक खरं घर फिरून दाखवलं आणि माहितीचा दहा पानी संच दिला. संच सर्वांना सारखा होता, फक्त मागणीची किंमत वेगळी छापली होती: काहींना ६५,९०० डॉलर, काहींना ८३,९००, काहींना यांच्या मधली. घराची योग्य किंमत काय वाटते, असं विचारल्यावर कमी आकडा पाहिलेल्यांचा सरासरी अंदाज ६७,८००च्या आसपास आला आणि जास्त पाहिलेल्यांचा ७५,२००च्या आसपास. मागणीचा विचार आपण केलाच नाही, असं बहुतेक एजंट ठामपणे म्हणाले.

म्हणजे मोठा आकडा सांगण्याचा काही परिणाम होतो, ही मालकांची समजूत अगदीच चुकीची नाही. ग्रेस बुकियानेरी आणि जुलिया मिन्सन यांनी पूर्व अमेरिकेतल्या १४ हजारांहून जास्त व्यवहारांवर हेच तपासलं. जास्त किमतीने सुरुवात केलेली घरं थोड्या जास्त किमतीला गेली. किती जास्त? १० ते २० टक्के चढवून सांगितल्याचा लाभ सरासरी घरामागे शे-दीडशे डॉलर. लाखो डॉलरच्या व्यवहारात ही रक्कम मोजण्याजोगीसुद्धा नाही. शिवाय व्यवहारांच्या नोंदींत असतात ती विकली गेलेली घरं. महिनोन्‌महिने पडून राहून मालकाने परत घेतलेलं घर तिथे येतच नाही.

पडून राहिलेल्या घराकडे लोक कसे पाहतात, याचा एक सुंदर पुरावा पुन्हा मॅसॅच्युसेट्सनेच दिला. अमेरिकेत एजंटांची एक सामाईक यादी असते आणि तिच्यात प्रत्येक घरापुढे ते किती दिवस बाजारात आहे हे लिहिलेलं असतं. हा आकडा वाढला की घेणारा विचारतो, इतके दिवस कुणी का घेतलं नाही? गळतं का? पायात काही दोष आहे का? म्हणून एजंट एक युक्ती करत: घर यादीतून काढायचं आणि लगेच पुन्हा घालायचं. दिवसांची मोजणी शून्यापासून सुरू होई. एप्रिल २००६मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या यादीने ही पळवाट बंद केली. शेजारच्या ऱ्होड आयलंड राज्यात नियम जुनाच राहिला, त्यामुळे तुलना करणं सोपं झालं. कॅथरीन टकर, ज्वानज्वान झांग आणि टिंग झू यांना दिसलं, की नियम बदलला तेव्हा बाजारात असलेल्या घरांची विक्री किंमत सरासरी १६ हजार डॉलरनी घटली. घरं तीच होती. ती किती दिवस नाकारली गेली आहेत, हे फक्त आता उघड दिसू लागलं होतं.

संगणकाने काढलेल्या किमतीने हा घोळ मिटेल, अशी अनेकांची आशा होती. झिलो या संकेतस्थळाने २००६ साली प्रत्येक घरापुढे अंदाजे किंमत दाखवायला सुरुवात केली आणि लाखो मालकांच्या मनात आणखी एक आकडा बसला. २०१६च्या फेब्रुवारीअखेर झिलोचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी स्पेन्सर रॅस्कॉफ यांनी सिॲटलमधलं आपलं घर साडेदहा लाख डॉलरना विकलं. त्यांच्याच संकेतस्थळावर दुसऱ्या दिवशी त्या घराचा अंदाज साडेसतरा लाखांचा होता. विक्रीला लावलेल्या घरांबाबत हे अंदाज पुष्कळ अचूक असतात, पण त्यामागचं एक कारण असं, की मालकाने मागितलेली किंमतही त्या गणितात घेतली जाते.

महाराष्ट्रात ही सगळी यंत्रणा निराळी आहे. जुन्या फ्लॅटांच्या विक्रीसाठी एजंटांची सामाईक यादी नाही, त्यामुळे घर किती दिवस पडून आहे याची नोंद कुठेच होत नाही. पुण्यात किंवा ठाण्यात एकच मालक चार-पाच एजंटांना फ्लॅट देतो. एकच फ्लॅट संकेतस्थळांवर वेगवेगळ्या फोटोंसह, कधी वेगवेगळ्या किमतींना दिसतो. दलाली सहसा दोन्ही बाजूंकडून एक ते दोन टक्के. किंमत सांगताना ‘बसून बोलू’ हे गृहीत असतं, म्हणून थोडं चढवून सांगणं हा रिवाजच आहे आणि तो घेणाऱ्यालाही माहीत असतो. अडचण येते ती चढवलेला आकडाच मालकाला खरा वाटू लागतो तेव्हा. ‘आम्हाला विकायची घाई नाही’ असं सांगणारं कुटुंब कधी कधी वर्षानुवर्षं रिकाम्या फ्लॅटची देखभाल वर्गणी भरत राहतं. ज्या कामासाठी विकायचं होतं, मुलाचं शिक्षण असो की आईवडिलांची सोय, त्या कामाची वेळ निघून जाते. याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

रेडी रेकनरचा दर हा इथला आणखी एक आकडा. तो सरकारने मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेला असतो. तेवढी किंमत बाजारात मिळेलच, अशी त्यात हमी नसते. त्यानुसार येणारं सरकारी मूल्य व्यवहाराच्या रकमेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असेल तर विकणाऱ्याचा भांडवली नफा मोजताना आयकर खातं सरकारी मूल्यच धरतं, एवढा त्याचा विकणाऱ्याशी संबंध.

प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांची माहिती मात्र आपल्याकडे कुणालाही पाहता येते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ या सोयीतून नोंदवलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे लोकांच्या बोलण्यातली ‘इंडेक्स टू’, काढता येते. तिच्यात मोबदला, सरकारी बाजारभाव, क्षेत्रफळ आणि दस्ताची तारीख असते. एकच नोंद पाहून निष्कर्ष काढणं धोक्याचं, कारण मजला, पार्किंग, चटई क्षेत्र की बांधीव क्षेत्र, नात्यातला व्यवहार की बाहेरचा, यांनी आकडा बराच हलतो; आणि काही व्यवहारांत दस्तावर दाखवलेली रक्कम पूर्ण नसते. पण आपल्याच इमारतीतल्या आणि शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांतल्या गेल्या वर्षभराच्या नोंदी काढून एजंटसमोर ठेवल्या, तर त्याला गोड बोलून निसटता येत नाही आणि घाईने स्वस्तात उरकताही येत नाही. त्या घरापेक्षा आपलं घर कशात सरस आणि कशात कमी, याच प्रश्नावर दोघांना बोलावं लागतं.